साकेवाल्यांच्या दारी नात्तोची पेंढी

मितो,
१० जानेवारी १९८१

चि. सानाए हिस आजीचे अ. उ. आ.

तुझं कानाझावाचं पत्र पोचलं. तीन पानं, त्यातली दोन नुसती खेकड्यावर. खेकडा आम्हीही खाल्लाय, पोरी. त्याला पाय किती ते टपालाने कळवायची गरज नव्हती. बागा, देवळं काही बघितलीस, की खातच सुटलीयेस?

एकवीस वर्षांची पोर पाठीला पिशवी लावून एकटी देश बघायला निघाली, म्हणून तुझी आई देव्हाऱ्यापुढे रोज दोनदा घंटा वाजवते. मी तिला म्हटलं, सहाव्या वर्षापासून पहाटे उठून सोयाबीनच्या हंड्याशी उभी राहणारी पोर हरवत नसते, घंटा ठेव आणि पेंढ्या बांधायला बस. यंदा भाताचं काड लांब आलंय. उकडलेले सोयाबीनचे दाणे पेंढीत बांधून आंबवले की तिसऱ्या दिवशी हातभर चिकट तारा सुटतात. नात्तो असा कित्येक वर्षांत जमला नव्हता.

आता कामाचं. तुझ्या यादीत ओनोमिचीनंतर हिरोशिमा आहे. मध्ये ताकेहाता म्हणून बारकं स्टेशन लागतं, तिथं उतरायचं. तिथं काजितानी नावाचे साकेवाले आहेत, तांदळाची दारू करणारे. दर नव्या वर्षाला दुकानात त्यांच्या बाटल्या बघते आणि न घेता परत येते. जानेवारी म्हणजे त्यांचा ऐन हंगाम. तिथं तुला माझं एक काम करायचंय. काय ते पुढच्या पत्रात, कारण मला लिहायला वेळ लागतो. शाळा चौथीपर्यंत, हे तुला ठाऊक आहे. ओनोमिचीच्या वसतिगृहावर एक पुडकं धाडलंय. शेगडीजवळ ठेवू नकोस.

खा, पण चावून खा. लोभ आहे, तो असाच राहो.

तुझी आजी,
किनु

---

नारा,
१५ जानेवारी

ती. आजीस सानाएचा सा. न. वि. वि.

बघ, आता देवळांनी सुरुवात करते. क्योतोला नऊ देवळं बघितली आणि दहाव्याच्या दारात भूक लागली. मग उकडलेला तोफू खाल्ला. एकच तोफू, पण बारा वाट्यांत मांडून आणला. तू असतीस तर म्हणाली असतीस की तोफू तो तोफू, त्याला एवढी वरात कशाला. इथे नाराला हरणांनी माझा नकाशा खाल्ला. ओसाकाचा भाग आधी खाल्ला, म्हणून काल तिथे जाऊन येताना रस्ता चुकले आणि चुकत चुकत एका टपरीवर कोबीचं जाड धिरडं मिळालं. टपरीवाल्या काकू म्हणाल्या, एकटी पोरगी एवढं खाते, हिचा नवरा कंगाल होणार. मी म्हटलं, म्हणूनच एकटी फिरतेय.

पण एक गंमत झाली. फुशिमीला साकेचा एक कारखाना बघायला गेले. फाटकावरच म्हाताऱ्याने विचारलं, सकाळी नात्तो खाल्लायस का. मी म्हटलं, आज नाही, पण आमच्या घरी तोच बनतो, मी मितोची. तो दोन पावलं मागे उडाला! मग लांबूनच सांगायला लागला, की ते भातावर बुरशी धरवतात, तिला कोजी म्हणतात, सगळी साके तिच्यावर. आपल्या नात्तोचा जंतू त्या बुरशीपेक्षा दांडगा. कपड्याला लागून आत गेला तर कोजी बुळबुळीत होते आणि अख्खा हिवाळा नदीत ओतावा लागतो. मला आत सोडलंच नाही. बाहेर एक लाडू देऊन वाटेला लावलं.

म्हणून विचारते आजी, त्या पुडक्यात काय आहे? तू कधी कुणाला उगाच काही पाठवत नाहीस.

आईला म्हणावं, घंटा एकदाच वाजव. आशीर्वाद असू दे, आणि उत्तर लवकर दे.

तुझी,
सानाए

---

मितो,
१९ जानेवारी

चि. सानाए हिस अ. उ. आ.

पुडक्यात नात्तो आहे. तीन पेंढ्या. तू ओळखलंयसच, उगाच विचारतेस.

आता ऐक. मी वीस वर्षांची होते. काजितानींचा मुलगा शुनसाकु मितोला शिकायला होता, आमच्या माडीवर तीन वर्षं भाड्याने राहायचा. रोज सकाळी आमचाच नात्तो खायचा, दोन वाट्या. त्याने मला मागणी घातली. त्याची आई, इत्सुबाई, म्हणाली, नात्तोवाल्यांची मुलगी साकेच्या घरात चालेल का ते बघू, हंगामात पंधरा दिवस राहून दाखव.

जायच्या आधी चाळीस दिवस मी नात्तोला शिवले नाही. झोपायलासुद्धा मावशीकडे जायचे. तरी तिथे फाटकातच कपडे काढून घेतले आणि उकळायला टाकले. जानेवारीच्या थंडीत गारठलेल्या पाण्याने, राख चोळून माझे केस तीनदा धुतले. मग फाटकाशेजारच्या खोपट्यात ठेवलं. कोजीच्या खोलीचं दारही मी बघितलं नाही. बाराव्या दिवशी त्यांची कोजी बुळबुळीत झाली. चार पिंपं नदीत गेली. इत्सुबाई सगळ्या कामगारांसमोर म्हणाली की कुजणं हिच्या रक्तातच आहे, ते धुऊन जायचं नाही. त्याच दिवशी मला गाडीत बसवलं. शुनसाकु आपल्या पायांकडे बघत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

मितोभर झालं. दोन वर्षं कुणी दारात आलं नाही. मग तुझा आजोबा घरजावई आला. भला माणूस होता, देव त्याचं भलं करो. पण मनातून एक गेलं नाही. मलाच वाटायचं, खरंच माझ्या केसांतून गेलं असेल का. सत्तेचाळीस वर्षं मला तेच वाटतंय.

तेव्हा काम असं. कारखाना बघायला आलेय म्हण. नात्तो खाल्ला का विचारतील, तर खोटं बोल, मी परवानगी देते. कोजीच्या खोलीत एक पेंढी फोड आणि नीघ. न केलेल्याची शिक्षा मी भोगून झाली. आता ते केलेलं असू दे.

मला शहाणपण शिकवणारं पत्र पाठवू नकोस. काम झालं की कळव. माया आहेच, ती सांगायला लावू नकोस.

आजी

---

हिरोशिमा,
२७ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी पेंढी फोडली नाही. आता तू हे पत्र चुलीत घालणार. घालू नकोस, पुढे वाच.

ताकेहाताला उतरले. एक पेंढी जाकिटाच्या आत, पोटाशी बांधली होती. फाटकावर पाटीच आहे: ज्याने नात्तो खाल्ला त्याने हंगाम संपेपर्यंत आत पाऊल टाकू नये, मालक असला तरी. मी म्हटलं, पाव खाल्लाय. आत सोडलं. कोजीच्या खोलीच्या दारापर्यंत पोचले, आजी. हात जाकिटात घातला होता.

तिथला मुख्य कारागीर साठीचा, त्याने मला सपाता काढून दिल्या. वीसेक माणसं आहेत, सगळी समुद्राकाठच्या एकाच गावची. उन्हाळ्यात मासेमारी, हिवाळ्यात इथे. एकाला नोव्हेंबरात मुलगी झालीय, अजून बघितलेली नाही. साके बिघडली तर मालक पुढच्या वर्षी दुसऱ्या गावची टोळी बोलावतो, यांना नाही, असं तो कारागीर सहज बोलता बोलता म्हणाला. तुला गाडीत बसवलं तेव्हा यांच्यातलं कुणी जन्मलंसुद्धा नव्हतं, नाहीतर पोर होतं. माझा हात बाहेर आला.

मग मी सरळ घरात गेले आणि मालकाला भेटायचंय म्हटलं. शुनसाकु काजितानी वाळका, ताठ म्हातारा आहे. कारागीर सांगत होता की नव्या साकेचा पहिला घोट चाळीस वर्षं हाच घेतो, याची जीभ म्हणजेच या घराचं नाव, गावोगावचे दुकानदार त्या दिवशी याचं तोंड बघायला येतात. मी पेंढी त्याच्यासमोर ठेवली. त्याने काडाची गाठ बघितली आणि मी काही सांगायच्या आधीच तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, आजीने ही तुमच्या कोजीत फोडायला सांगितली होती, मी तुमच्या कामगारांसाठी फोडली नाही, तुमच्यासाठी नव्हे.

तो पांढरा पडला. मग खाली बघून हळूच म्हणाला की त्या हिवाळ्यात पेंढी त्यानेच आणली होती. मितोहून, पेटीत लपवून. चव सुटत नव्हती. तांदळाच्या कोठाराआड उभा राहून नात्तो खाल्ला आणि त्याच हातांनी कोजीच्या खोलीत गेला. आईने तुझ्यावर आळ घेतला तेव्हा वाटलं, उद्या सांगू. उद्याला तू गेली होतीस.

तू नव्हतीस, आजी. तुझ्या केसांतून काही गेलं नव्हतं.

मध्ये नुसतं कागदी दार होतं. ते सरकलं आणि काठी टेकत इत्सुबाई आत आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, एवढीशी, पण आवाज असा की मांजर उठून गेलं. मुलाला म्हणाली, मला कमी ऐकू येतं, परत सांग. त्याने सांगितलं. म्हणाली, अजून मोठ्याने. त्याने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा अंगणातले कामगार थांबून ऐकत होते. ती माझ्याकडे वळली. मग मला म्हणाली की क्षमा मागायचं माझं तोंड नाही आणि याच्यासाठी मी मागणारही नाही. जिचं नुकसान झालं तिने शिक्षा ठरवायची. तुझ्या आजीला लिहायला सांग. ती लिहील ते मी मरायच्या आत करून घेईन, हे याच्यासमोर सांगते. तो मान खाली घालून हो म्हणाला.

मग मला बळेच जेवायला बसवलं. साकेच्या चोथ्याचं सार होतं, मुळा आणि मासा घालून. शत्रूचं घर, एक वाटी पुरे, असं ठरवलं होतं. तीन खाल्ल्या. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

आज इथली कालवं खाल्ली, पण लक्ष लागलं नाही. आता तू काय लिहितेस याच्याकडे सगळं घर डोळे लावून बसलंय, आणि मीही. रागावलीस तर रागाव, पण बोल.

तुझीच,
सानाए

---

मितो,
३१ जानेवारी १९८१

श्रीमती इत्सुबाई काजितानी यांस किनु नेमोतो हिचा नमस्कार. वि. वि.

थंडी फार आहे. आपली प्रकृती बरी असेल. एवढं रीतीचं झालं, आता मुद्द्याचं.

नातीचं पत्र मिळालं. ते मी चार वेळा वाचलं, कारण मला भराभर वाचता येत नाही आणि या वेळी भराभर वाचायचंही नव्हतं. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते, तुमच्या फाटकातून आल्यापासून मी दर न्हाण्याला केस तीनदा धुते. घरात विचारतात, एवढं पाणी कशाला. कुणाला कारण सांगितलेलं नाही. काल एकदाच धुतले. बास झालं.

तुम्ही क्षमा मागत नाही हे बरं केलंत. मागितली असती तर मी दिली नसती, आणि दोघींचा वेळ गेला असता. तुम्ही मला जे बोललात ते बोललातच. पण तुम्हाला खोटंच खरं वाटत होतं, त्याला खरं ठाऊक होतं. म्हणून आधी तो.

तुमच्या पिंपांना मी हात लावणार नाही. त्या माणसांच्या पोरी घरी वाट बघतात, हे नातीने बरोबर ओळखलं. तिला मी तसं सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

शिक्षा लिहिते. सांगितल्याप्रमाणे करून घ्यावी.

पेंढ्या पोचतील त्या दिवसापासून शुनसाकुरावांनी रोज सकाळी माझ्या हातच्या नात्तोची एक पेंढी खायची. घरात नाही, आडोशाला नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर बसून, कामगार आत जायच्या वेळेला, सगळ्यांसमोर. कुणी विचारलं की हे काय, तर त्यांनी स्वतः तोंडाने सांगायचं, माझं नाव घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही सांगायचं नाही. इतकी वर्षं त्यांच्यासाठी दुसऱ्यांनीच भोगलं, दुसरेच बोलले.

आणि नात्तो खाल्ला की पाटी लागू. हंगाम संपेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. नव्या साकेचा पहिला घोट यंदा दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. दुकानदार तोंड बघायला येतीलच, त्यांनी फाटकाबाहेरचं बघावं. पुढच्या हिवाळ्यातही हेच, त्याच्या पुढच्याही. ते आहेत तोवर आणि मी आहे तोवर. मी गेले तर पेंढ्या सानाए बांधील, तिची गाठ माझ्यापेक्षा घट्ट असते.

त्यांना नात्तो फार आवडायचा, हे मला पक्कं आठवतं. दोन वाट्या खायचे. आवडीने खाल्ला तरी माझी हरकत नाही, डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. फक्त वाटीत एक दाणा उरायला नको.

पहिल्या दहा पेंढ्या आजच्या टपालाने निघाल्या. लोभ ठेवा असं म्हणत नाही. पुडकं पोचल्याची एक ओळ मात्र लिहावी, आणि ती त्यांच्या हातची असावी.

किनु नेमोतो