बेसच्या तारांचं अर्थिंग

९ ऑक्टोबर

आजही तेच. अँप लावला की बेस घूंऽऽ करतो. तारांवर हात ठेवला की आणखी वाढतं. केबल खोचायच्या पत्र्याला बोट लावलं की एकदम गप्प. मग वाजवताना एक बोट तिथंच ठेवू का?

शानबोर ड्रममागून म्हणाला, "दाप्लिन, बेस वाजवतेस की गिरणी चालवतेस?" रिदाहुन हसली नाही. तिची गिटार स्वच्छ वाजते ना. म्हणाली, "शिलाँगमध्ये बेसवाल्यांचा तुटवडा नाही. शनिवारच्या कार्यक्रमापर्यंत हे थांबलं नाही तर माझा मावसभाऊ वाजवेल. तू नुसती गा."

नुसती गा म्हणे. बँड काढला कुणी?

१० ऑक्टोबर

केबल बदलली. घूं. अँप बदलला. घूं. आई जादोहचा भात वाढताना म्हणाली, "राहू दे की. माझ्या वेळीही असाच वाजायचा." बेस तिचाच, मान्य. म्हणून तिच्या वेळचं सगळं चालवून घ्यायचं?

११ ऑक्टोबर

बेस उघडला. तारा मागं ज्या लोखंडी पट्टीत अडकवतात, तिथून आत येणारी अर्थिंगची वायर — तुटलेली नाही, कापलेली. वर टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. कोण हा शहाणा? भेटला तर त्याच वायरीनं बांधून ठेवीन.

जोडली, सोल्डर मारला. बेस गप्प. शानबोरला फोनवर ऐकवलं. म्हणाला, "काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच तर."

१३ ऑक्टोबर

वस्तीच्या हॉलमध्ये तालीम. पहिल्याच ओळीला ओठ माइकला लागले आणि डोक्यात लख्ख झालं. खुर्च्यांवर आपटले. ओठ भाजलाय. आईला सांगितलं, चहानं.

शानबोरनं भिंतीतला प्लग उघडला — अर्थिंगच नाही. अँपच्या अंगावर आलेला करंट मी जोडलेल्या वायरीवरून तारांत, तिथून माझ्या हातात आणि ओठांतून माइकात. रिदाहुन माझे हात चोळत रडत होती. "ती वायर काप परत."

"वायर का कापू? प्लग दुरुस्त करायचा आणि अँपही."

हॉलचे सेक्रेटरी म्हणतात, इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. गाणारे सगळे मुके होते बहुतेक.

१४ ऑक्टोबर

सकाळी वायरमनच्या डोक्यावर उभी राहून दोन्ही करून घेतलं. टेस्टर स्वतः लावून पाहिला. तरीही संध्याकाळी कार्यक्रमात पहिली ओळ म्हणताना माइकपासून वीतभर लांब होते. दुसऱ्या कडव्याला जवळ गेले. काही झालं नाही. मग मात्र मनसोक्त गायले.

रिदाहुनचा मावसभाऊ पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. आई सगळ्यात मागं, एकटीच.

१५ ऑक्टोबर

आईनं ओठाला मध लावला. म्हणाली, "चहानं असं भाजत नाही. काल बेस गप्प होता. वायर जोडलीस ना?"

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"मीच कापली होती. त्याच हॉलमध्ये माइकचा शॉक बसायचा, आणि तू पोटात होतीस. गाणं सोडवत नव्हतं."