भाऊजींची पेशी

ती. भाऊजींना,

साष्टांग नमस्कार (मानेपासून खालच्या भागाचा, डोकं हलवायला सध्या मनाई आहे). ताईचे गुडघे आणि तुमची स्कूटर यांपैकी निदान एकाचं तरी बरं चाललं असेल अशी आशा करतो. मी मजेत आहे. कवटीला भोकं पाडून त्यांतून आत बारीक तारा सोडल्या आहेत आणि त्या सगळ्यांची मिळून एक वेणी मागच्या मशीनपर्यंत नेली आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला वेणी आली, तीही केस सगळे उतरवल्यावर. माझी फिट डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यातून निघते हे त्या तारांवरून कळलं, की सर्जन तेवढा कोपरा काढून टाकणार. त्यामुळे पलंगावर पडून फिटची वाट पाहायची, एवढंच मला काम. ही बया जन्मभर नको तिथे हजर व्हायची, छापखान्यात, बँकेत, साहेबांच्या निरोप समारंभात; आता सगळे तिच्या स्वागताला तयार बसले, तर यायचं नाव काढीना.

या रिकाम्या वेळात एक संशोधक बाई माझ्याकडे यायला लागली. आम्ही तिला तारवाली म्हणतो. वयाने आमच्या धाकट्या लेकीएवढी, पण बोलायला लागली की ऐकत राहावं. बाकीच्या तारांना मेंदूचा नुसता गलका ऐकू येतो म्हणे, सभागृहाबाहेर उभं राहून आतली गर्दी ऐकावी तसा. हिच्या तारा केसाहून बारीक. त्यांना गर्दीतला एकेक माणूस, म्हणजे एकेक पेशी, वेगळी ऐकू येते. पेशी बोलली की स्पीकरवर पत्र्यावर वाळू पडल्यासारखी तडतड होते. कुठली पेशी काय पाहून बोलते ते तिला शोधायचं होतं, म्हणून तिने घरच्यांचे फोटो मागितले. आमच्या हिने, म्हणजे बायकोने, ते मोठ्या हौसेने निवडून दिले (निम्म्याहून जास्त स्वतःचे).

हिचा फोटो आला, स्पीकर गप्प. मुलांचा आला, गप्प. आईचा आला, तरी गप्प. मग तुम्ही आलात, कुणाच्या तरी लग्नात प्लास्टिकच्या खुर्चीवर कपाळाला आठ्या घालून बसलेले, आणि अशी तडतड झाली की नर्स धावत आली. हिने आपला फोटो परत लावायला सांगितला. गप्प. मशीन बिघडलं असेल म्हणाली. तारवालीने तुमचा दुसरा फोटो लावला, नुसतं तुमचं नाव लिहून दाखवलं, शेवटी "पंखे बंद करून निघा" हा तुमचा आवाजी निरोप ऐकवला. दर वेळी तडतड. तारवाली आनंदाने आपल्या सरांना बोलवायला पळाली. तुम्हाला पाहून एवढा आनंद झालेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं (राग मानू नका).

इकडे आम्हा नवरा-बायकोत महायुद्ध. "एवढी वर्षं संसार मी केला आणि डोक्यात भाऊजी?" तारवालीने समजावलं, की पेशी अब्जावधी आहेत, आपल्याला जेमतेम मूठभर ऐकू येतात, काकूंच्या पेशी शेजारीच कुठेतरी असतील. ही म्हणाली, मग तार शेजारी सरकवा. ते जमत नाही म्हटल्यावर तिने माझ्याशी अबोला धरला, तो अजून आहे. जेवायचं ताट मात्र रागाने का होईना, वेळेवर समोर येतं.

अखेर फिट आली आणि कोपरा सापडला. नेमका तोच, जिथे तुम्ही आहात. सर्जनना विचारलं, मग मी भाऊजींना ओळखीन ना? ते म्हणाले, माणूस एका पेशीत राहत नाही; ओळखाल, फार तर नाव आठवायला कधी वेळ लागेल. तेव्हा आत्ताच सांगून ठेवतो. तुमचं ताईशी ठरत होतं, तुम्ही पहिल्यांदा घरी आलात आणि मला तुमच्यासमोर फिट आली. आईबाबांचे चेहरे पांढरे पडले. तुम्ही कोट काढून माझ्या डोक्याखाली घातला आणि म्हणालात, "त्याला उठू दे, मग आपण तारीख ठरवू." त्यावर पुढे कधी एक शब्द बोलला नाहीत. एखादी पेशी त्या दिवसापासून तुमची झाली असेल, तर माझी काही हरकत नाही.

तुमचा आज्ञाधारक (पंखे सोडून),
मेहुणा

ता. क. ऑपरेशन गुरुवारी आहे. तुम्ही यावं असं माझं काही म्हणणं नाही, प्रवास लांबचा आहे. सहज कळवलं. पहिली गाडी पहाटेची असते.

ता. क. दुसरा. आलात तर दाराबाहेर थांबा. शुद्धीवर आल्यावर आधी आपणच दिसलो पाहिजे, असा हिचा हुकूम आहे (नर्समार्फत).

ती. भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. अबोला वगैरे काही मनावर घेऊ नका. मी रुसले की हे दिवसभर माझी समजूत काढत बसतात आणि गुरुवारची भीती विसरतात, म्हणून अजून ताणून धरलंय. वन्संना घेऊन बुधवारीच या. शुद्धीवर येताना पलंगापाशी तुम्ही उभे राहा, मी मागे थांबते.