समासातली ओळ

मी, खाली सही करणारी, वय एकतीस पूर्ण, धंदा पुस्तकबांधणी, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. सकाळची वेदनाशामक गोळी मी मुद्दाम घेतलेली नाही. उद्या कोणी "गुंगीत लिहिलं तिने" असे म्हणायला नको. त्यामुळे अक्षर वाकडे आले असेल, तर तो दोष खांद्याचा आहे, डोक्याचा नाही.

कारण असे की येत्या गुरुवारी माझ्या उजव्या खांद्यावर चौथी शस्त्रक्रिया आहे. तिथे डेस्मॉइड नावाची गाठ होते. लाखात एखाद्यालाही होत नाही, ती मला बाविसाव्या वर्षी झाली, पंचविसाव्या वर्षी परत आली, अठ्ठाविसाव्या वर्षी परत आली, आणि आता पुन्हा हजर आहे. ती शरीरभर पसरत नाही, पण जागाही सोडत नाही. गेली दोन वर्षे गोळ्यांनी थोपवून पाहिली. आता ती हाताच्या मुख्य रक्तवाहिनीला बिलगली आहे. सर्जनबाईंनी तीन शक्यता सांगितल्या: हात वाचेल, हात जाईल, किंवा मी टेबलावरून उठणार नाही. तिसरी सांगताना त्यांनी पेनाचे टोपण दोनदा काढले आणि लावले.

कलम १. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेत जे काही असेल ते आईला. आईने माझी खोली आहे तशी जपून ठेवू नये. सकाळचा उजेड त्याच खोलीत चांगला येतो. भाजी निवडायला तिने खुर्ची तिकडे हलवावी. भिंतीवर माझा फोटो लावायचाच असेल, तर हॉस्पिटलच्या बागेतला नको. त्यात मी सगळ्यांना बरे वाटावे म्हणून हसते आहे.

कलम २. माझ्या सुया, टोच्या आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी दुकानात शिवणीला बसणाऱ्या ताईंना. माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा डाव्या हाताने दोरा ओढायला त्यांनीच शिकवले. महिनाभर माझी शिवण ढिली यायची, आणि त्या माझ्या नकळत ती उसवून पुन्हा घालायच्या. ते मला कळत होते.

कलम ३. मावशीला हात अडकवायच्या तीन निळ्या झोळ्या, प्रत्येक ऑपरेशनची एक. तिन्ही वेळा ती म्हणाली होती, "कॅन्सर नाही ना? मग एवढं काय घेऊन बसलीस!" तिने एक झोळी आठवडाभर उजव्या हाताला घालावी आणि वेणी घालून दाखवावी. मात्र तिसऱ्या वेळी दहा दिवस मला आंघोळ तिनेच घातली, म्हणून माझी लोकरीची शालही तिलाच.

कलम ४. ज्याच्याशी माझे लग्न ठरले होते, त्याला काही नाही. जाताना त्याने "तू फार धीराची आहेस" असे लिहून पाठवले होते. त्याला आणखी काय देणार?

कलम ५. दुकानातला माझा हिस्सा, दाबयंत्र आणि कटिंग मशीन दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. मशीनबद्दल लिहिणे भाग आहे.

तिसऱ्या ऑपरेशननंतर माझ्या रिपोर्टांचा गठ्ठा पिशवीत मावेना. दादा म्हणाला, "बाइंडरच्या घरात सुटे कागद? लोक हसतील." त्याने सगळे कागद तारखेने लावले, शिवले, तिन्ही कडा कापून सारख्या केल्या आणि करड्या कापडात बांधले. हॉस्पिटलमध्ये नर्सनी ते पुस्तक एकमेकींना दाखवले. पण शेवटच्या पानाच्या समासात, अगदी कडेला, सर्जनबाईंनी हाताने एक ओळ लिहिली होती: तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय. ती ओळ कातरणात गेली आणि रद्दीच्या पोत्यातून निघून गेली. आम्ही गेलो ते अकरा महिन्यांनी, हात दुखायला लागल्यावर. बाईंनी ते पान उघडले. कड स्वच्छ होती.

"माझ्याकडून गेलं," दादा म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने कटिंग मशीनला हात लावलेला नाही. कापायचे काम तो दुसऱ्या दुकानात पाठवतो. नातेवाईक जमले की कोणी न विचारता सांगतो, "माझ्यामुळे झालं." त्याला कोणी समजावले की उठून जातो.

कलम ६. बाकीची कलमे नसती तरी चालले असते. हे कलम लिहायला मी कागद घेतला.

ती ओळ मी वाचली होती. पान हातात पडले तेव्हाच, हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचली होती. दादा कडा कापणार हे मला माहीत होते, आणि किती कापणार हेही. बाराव्या वर्षापासून मी समास मोजते आहे. मी गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला आणि काही बोलले नाही. मला एक वर्ष हवे होते, ज्यात कोणी माझा खांदा चाचपून बघणार नाही. ते अकरा महिने मला मिळाले. मी पोहायला शिकले, अनोळखी माणसांशी बोलले, पुढच्या वर्षीचे बेत केले. माझ्या तरुणपणातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

आणि दादा "माझ्याकडून गेलं" म्हणाला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. घरी गेल्यावर सांगू असे ठरवले. मग उद्या सांगू. मग सांगायची सोय राहिली नाही. दादा, तुझी चूक नव्हती. मी तुला दोन वर्षे त्यात राहू दिले, याची मला लाज वाटते.

कलम ७. मसुदा वाचून वकीलबाई काल म्हणाल्या, "सहावं कलम मृत्युपत्रात बसत नाही. हे पत्र तुम्ही गेल्यावर उघडणार."

मी म्हटले, "म्हणून तर इथे लिहिलंय."

"मग फार सोयीचं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

आज दुपारी दादाला वर बोलावून सहावे कलम मी स्वतः वाचून दाखवले. त्याने मध्येच थांबवून विचारले, "नक्की वाचली होतीस?"

"हो."

"मी रिपोर्ट बांधत होतो तेव्हा तू चहा आणून दिलास मला."

"हो."

तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "गुरुवारी मी येणार. हॉस्पिटलच्या सह्या मीच करणार, बाहेर मीच बसणार. पण तोवर माझ्याशी बोलू नकोस."

त्याने क्षमा केली असे मी इथे लिहू शकत नाही, कारण त्याने केलेली नाही. सहावे कलम कायम. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

ठिकाण: दुकानाच्या वरचे स्वयंपाकघर. दिनांक: मंगळवार, महिन्याची नऊ तारीख, दुपारी साडेचार.

सही: बाइंडरची धाकटी

आमच्या समक्ष सही केली:
१. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या काकू
२. खांद्याचा व्यायाम घेणारे, ज्यांना मी दर वेळी "सावकाश" म्हणते

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून दादाची सही नाही. दोन्ही साक्षीदारांना वर घेऊन तोच आला. गुरुवारी किती वाजता निघायचे, हे त्याने काकूंना सांगितले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.