हिरव्या इरकलीचा हत्ती

मंगळ. ३ मार्च
सकाळी व.चा फोन वाजला. तिचा फोन मी अजून बंद केलेला नाही, रोज चार्ज करतो. तिकिटांची आठवण होती: शनिवारी क्लीव्हलंड, फिगर स्केटिंग, पुरुषांची फायनल, दोन सीट्स. तिने उन्हाळ्यात घेऊन ठेवली होती. तेव्हा रिपोर्ट आलेले नव्हते.
व. जाऊन पाच महिने होतील परवा.
दोन तिकिटं म्हणजे ती आणि कॅरल, असं मी धरून चाललो होतो. तसंच असणार. मी कधी गेलो आहे?

बुध. ४ मार्च
मुक्ताला फोन केला. हर्नडनहून तिचं नेहमीचं: "बाबा, जस्ट गो." मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं. "यू डोन्ट हॅव टू कळायला. सिट देअर. आईची सीट आहे."
संध्याकाळी कॅरलचा फोन. ही व.ची रिंकवरची मैत्रीण, आयुष्यभर शाळेची बस चालवली, आता रिटायर्ड. दर मंगळवारी सकाळी दोघी आपल्या इथल्या रिंकवर थर्मास घेऊन बसायच्या, लाडक्या स्केटरची, टोबीची, प्रॅक्टिस बघायला. व. त्याला बंड्या म्हणायची. कॅरलही म्हणते, "बॅन्ड्या". कॅरलकडे स्वतःचं तिकीट आहे. दुसरी सीट व.ने तिच्यासाठी घेतलीच नव्हती.
म्हणजे माझ्यासाठी.
मला सांगितलं होतं का? आठवत नाही. सांगितलं असेल. मी "हं" म्हटलं असेल.

गुरु. ५ मार्च
कपाटातून हत्ती काढला. हिरव्या इरकलीचा, आत जुन्या उशीचा कापूस. केमोच्या खुर्चीत बसून शिवला तिने, डावा हात सलाइनच्या सुईला बांधलेला, म्हणून एक कान वाकडा. नर्स विचारायच्या, नातवासाठी का? "नो नो, फॉर माय स्केटर."
इथे पद्धत आहे, स्केट संपला की लोक बर्फावर मऊ खेळणी फेकतात. छोट्या मुली येऊन गोळा करतात. जिंकणाऱ्यावर पाऊस पडतो.
व.ने ऑगस्टमध्ये मला सांगितलं होतं, हे मात्र नीट आठवतं. "मी नसले तर तुम्ही फेका. कसाही झाला तरी फेकायचा. आणि पडला तर नक्की. जिंकला तर फेकणारे पुष्कळ असतात."
मी म्हटलं, तूच फेकशील. ती म्हणाली, "अहो, हो म्हणा ना नुसतं."
हो म्हटलं.

शुक्र. ६ मार्च
काल शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे पहिली फेरी झाली, टीव्हीवर पाहिली. टोबी पहिला. बराच पुढे. उद्या नुसता उभा राहिला तरी जिंकेल, असं कॅरल म्हणते.
बघताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. व.ला उडी बघवायची नाही. तो वेग घ्यायला लागला की डोळे मिटायची आणि आतून हाक मारायची, "अहो, बघा ना, उतरला का?" मी पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवर. रिटायर झाल्यावरही कन्सल्टिंग काढून बसलो होतो. तिथूनच ओरडायचो, "हो, उतरला!" न बघता. खोलीत टीव्हीच नव्हता, बघणार कुठून.
एकदा मी उतरला म्हटलं आणि तो पडलेला होता. ती "बरं" एवढंच म्हणाली.
काल मी सगळ्या उड्या उघड्या डोळ्यांनी पाहिल्या. प्रत्येक वेळी उतरला.

रवि. ८ मार्च
काल काही लिहिणं झालं नाही.
कॅरलला घेऊन दुपारी निघालो. वाटेत तिने सगळं समजावलं, कुठली उडी कधी. तिच्या मांडीवर अस्वल, माझ्या बाजूला पिशवीत हत्ती. कॅरल (ती व.ला वासू म्हणते) पिशवीत डोकावून म्हणाली, "वासू वॉज ए टेरिबल टेलर." दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी.
टोबी सर्वांत शेवटी. सभागृह उभं राहून ओरडत होतं. त्याच्या नावाचे फलक, एका बाईने गालावर त्याचं नाव रंगवलेलं.
पहिली उडी, पडला. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. दुसरी, चार फेऱ्यांची होती, एकच झाली. टाळ्या कमी. तिसरीला परत पडला, हातावर, आणि उठायला वेळ लागला. मग कुणीच काही वाजवलं नाही. एवढी माणसं आणि फक्त ते संगीत चालू. त्याला ते संपेपर्यंत स्केट करावं लागतं, हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. अजून दोन मिनिटं होती.
त्या तिसऱ्या उडीला मी तोंडातल्या तोंडात "उतरला" म्हणालो. सवयीने. तो समोर बर्फावर पडलेला होता.
संपल्यावर मागचा टोपीवाला म्हणाला, नऊ तास गाडी चालवत आलो, ह्यासाठी? त्याची बायको: "शट अप, डेव्ह." गालावर नाव रंगवलेली बाई रुमालाने गाल पुसत होती, नाव पसरून गेलं. आमच्या रांगेतले मार्क यायच्या आधीच कोट घालायला लागले. पाय बाजूला घे, पाय बाजूला घे.
खेळणी पडली चार-पाच. कॅरलचं अस्वल पोचलंच नाही, एका फोटोवाल्याच्या डोक्यावर बसलं. ती मला म्हणाली, "नाउ, माधव! थ्रो इट!"
मी उभा राहिलो. हत्ती हातात होता. पुढे लोक, मागे लोक, सगळे माझ्याकडे बघतील असं वाटलं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा कधी हात वर केला नाही. टोबीने चारी बाजूंना भराभर वाकून नमस्कार केला, आमच्या बाजूला शेवटी. मग गेला.
हत्ती हातातच.
पहिल्यावरून सातवा. जो जिंकला त्याला स्वतःला खरं वाटेना, प्रशिक्षकाला सारखा विचारत होता.
परत येताना हत्ती मागच्या सीटवर.
एकच काम सांगितलं होतं.

सोम. ९ मार्च
व.च्या फोनवर तिच्या फॅन ग्रुपचे मेसेज. दोनशेच्या वर. सगळे वाचले. एक म्हणते आठ वर्षं ह्याच्यामागे वाया घालवली. एक म्हणते डोक्यात हवा गेली होती, बरं झालं. एकीने त्याचे सगळे फोटो काढून टाकले आणि काढून टाकल्याचं लिहिलं. कुणीतरी विचारलं, त्याच्या आईला काय वाटलं असेल. त्यावर कुणी उत्तर दिलेलं नाही.
शनिवारपर्यंत ह्याच सगळ्या त्याला बाळ, राजा म्हणत होत्या.
मला रागवायचा हक्क नाही. त्यांनी निदान आठ वर्षं बघितलं.
संध्याकाळी मंडळाच्या मीटिंगला नेने भेटले. "काय माधवराव, तुम्ही आणि स्केटिंग? हरला म्हणे तुमचा. अहो, क्रिकेटमध्ये शून्यावर आउट झाला की पोस्टर जाळतात, हे फार सभ्य लोक." मग एकदम आठवल्यासारखं झालं त्यांना. "वहिनींना आवडायचं ना." मी हो म्हटलं. त्यांनी चिवड्याची बशी पुढे केली.

मंगळ. १० मार्च
रिंकवर गेलो, हत्ती घेऊन. टोबी आला नव्हता. काउंटरवरची बाई म्हणाली, ह्या आठवड्यात येईलसं वाटत नाही. स्केटिंग सोडतोय असंही ऐकलं. ठेवून जा, देते. तिच्या मागे एका खोक्यात शनिवारनंतर त्याच्या नावाने आलेली पाकिटं होती, दोनच.
नाही ठेवला. फेकायचा होता. खोक्यात ठेवायचा नव्हता.

शुक्र. १३ मार्च
कॅरल आली. व.ने कधीतरी डब्यातून चकल्या दिल्या होत्या, तो डबा परत करायला. धुऊन, त्यात केळ्याचा केक घालून. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, हे व.ने शिकवलेलं.
चहा घेताना मी तिला ते सांगितलं, उतरला का विचारायची आणि मी न बघता हो म्हणायचो. कुणालाच सांगितलं नव्हतं.
कॅरल म्हणाली, "ओ, शी न्यू."
कसं?
"तुमच्याकडे टीव्हीवर आम्ही दोघी बघत असलो तरी ती तुलाच विचारायची. मी बाजूला बसलेली असायचे. मी एकदा म्हटलं, मला विचार ना, मला दिसतंय. तर म्हणाली, तू खरं सांगशील. माधव ऑलवेज सेज येस."
मी केक कापत राहिलो. फार तुकडे झाले.
ती गेल्यावर बराच वेळ विचार केला. ह्यात बरं वाटण्यासारखं काही आहे का, ठरवता येईना. तिला हो पाहिजे होतं, मी हो दिलं, ते ठीक. पण उठून बाजूला येऊन बसलो असतो तरी हो म्हणता आलंच असतं. दहा पावलं होती.

मंगळ. १७ मार्च
आज कॅरलचा डेंटिस्ट, म्हणून एकटाच गेलो. थर्मास घेतला, पिशवीत हत्ती. बाकावर पोचलो तर बर्फावर टोबी. एकटा, काळा स्वेटर, संगीत नाही. बघायला कुणी नाही. पूर्वी मंगळवारी पंधरा-वीस तरी असायचे, व. म्हणायची. आज मी आणि दोन जागा सोडून एक बाई, तिची मुलगी नंतरच्या क्लासची असावी.
तो नुसता गोल गोल फिरत होता. मला वाटलं, उडी मारणारच नाही.
मग वेग घ्यायला लागला. मागे वळला, आणि माझे डोळे मिटले. मिटले म्हणजे मिटलेच, मला उघडता येईनात. बर्फावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. पाय का अंग, मला आवाजावरून कळत नाही.
डोळे मिटूनच त्या बाईंना विचारलं, "डिड ही लँड इट?"
"येस," त्या म्हणाल्या. "येस, येस."
डोळे उघडले. त्या फोनमध्ये बघत होत्या. टोबी पलीकडच्या टोकाला उभा, कमरेवर हात, वाकून धापा टाकत.
मी थँक यू म्हटलं.
मग उठून खाली कठड्यापाशी गेलो आणि हत्ती फेकला. फार लांब गेला नाही. वाकड्या कानावर पडला आणि थोडा घसरत गेला. टोबीने मान वर केली.