लिव्हलेलं तेवढं खरं

सावेडी, नगर
५ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
तुझ्या रेश्माचा सा. न. वि. वि.

आई, परवापासून मला झोप न्हाई. डोळा लागला की दार लागल्याचा आवाज येतो, आन मी उठून सृष्टीच्या छातीवर हात ठिवून बघते. ती घोरती खुशाल. मीच बसून राहते.

काय झालं ते सांगते. सोमवारी हे पहिल्या पाळीला कंपनीत गेल्ते. कचऱ्याची घंटागाडी आली. दूध गॅसवर हुतं, सृष्टी घरात रांगत हुती. मी म्हनलं दोन मिंटाचं काम, बादली घिऊन जिन्यात गेले. आपल्याकडं दार लोटलं तर लोटलेलंच राहतं, कडी घातल्याबिगर बंद होत न्हाई. हितल्या दाराला लॅच असतं. वाऱ्यानं दार आपोआप लागलं, खट करून. बाहेरून उघडायला चावी लागती आन चावी आत खिळ्याला. मोबाईल बी आत. मी बाहेर, लेकरू आत, दूध गॅसवर. ह्या घरात येऊन दीडच महिना झालाय, मला कुठलं ठाऊक!

अर्धा घंटा मी दारावर बडवत हुते. शेवटी उघडलं. कसं उघडलं ते आत्ता लिवत न्हाई, मागनं लिवते. सृष्टी बरी हाय, तू रडू नको.

पन आई, मला हितं न्हाई राहायचं. दुसरा मजला, दारं आपोआप लागत्यात, दुपारी लष्कराच्या तोफांचा सराव चालतो तर मांडणीवरची भांडी थरथरत्यात. पानी एक दिवसाआड. ह्यांना मी काईच सांगितलं न्हाई. सासूबाई आधीच म्हनत हुत्या की हिला नगर झेपायचं न्हाई, चार दिवसात पळून येईल. दादाला टेम्पो घिऊन पाठव. मला आन सृष्टीला तिसगावला ने.

आन एक ध्यानात ठिव. दादाचा फोन येतो तवा हे शेजारीच बसलेले असत्यात, म्हनून मी बरं हाय, बरं हाय म्हनते. ते खरं धरू नका. मी लिव्हलेलं तेवढं खरं. दादाला बी तसंच सांग.

खालच्या मजल्यावरचे कानिफनाथ काका भांड्यांचं दुकान घिऊन तिसगावच्या बाजाराला येत्यात. त्यांच्यापाशी हे पत्र देते. उत्तर त्यांच्यापाशीच दे.

माया पातळ करू नको.
तुझी रेश्मा


तिसगाव
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,
आई मनकर्णाचे अ. उ. आ.

(मी सुकन्या, अंगणवाडीची. तुझ्या आईला फोनवर ऐकू येत नाही हे तुला माहीतच आहे, म्हणून त्या बोलतात तसं लिहिते. पत्र वाचून दाखवताना ‘दूध गॅसवर’ हे शब्द आले, तिथं त्यांनी मला दोनदा थांबवलं.)

अगं येडे, दार लागलं हे लिवलंस, उघडलं हे लिवलंस, मधलं कुठं गेलं? कोनी उघडलं? गॅस कोनी बंद केला? माझी नात कुठं हुती तवर? मधलं सगळं खाऊन टाकलंस आन म्हनतीस रडू नको. तुझ्या बापाची बी हीच खोड हुती, बैल हरवला सांगायचा आन सापडला ते दुसऱ्या दिशी.

तुझ्या दादाला, कल्यानला, सुकन्यानं फोन लावला. तो मिरजगावात व्यापाऱ्याकडं कांद्याचा टेम्पो चालवतो, ह्या रविवारी त्याला भाडं हाय. सोळा तारखेच्या रविवारी येतो म्हनला. तू फोनवर काय बी म्हन, पत्रात हाय तेच धर, असं मी त्याला बजावून ठिवलंय. तवर दाराला पायपुसनं अडकव. जावईबापूंचं काय ते मी बघते. हितं तुझी खोली झाडून ठिवली हाय. पाळना माळ्यावरून काढला तर त्यात मांजरीनं पिल्लं घातलेली. त्यांना दुसरी जागा बघते.

एवढं बी घाबरू नको. तू लहान असताना खिरापतीला गेलीस आन देवळात कोंडून राहिलीस, तवा पुजारी यीस्तोवर सगळा गूळ खाऊन बसली हुतीस. रडली न्हाईस.

(भांडीवाले काका दुकान आवरत आहेत. मी त्यांना विचारलं दार कोणी उघडलं, तर हसून पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, तिलाच विचारा. रेश्मा, आता आम्हा दोघींनाही चैन पडणार नाही. सविस्तर लिही.)

जिवाला जप, लेकराला जप.
तुझी आई


सावेडी, नगर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
रेश्माचा सा. न. वि. वि. सुकन्याताईंना बी नमस्कार.

मधलं आधी लिवते, न्हाईतर तुमी मला सोडायच्या न्हाईत.

मी बडवत हुते तवा समोरच्या नीलांबरी काकू बाहेर आल्या. कचेरीत नोकरी करून रिटायर झाल्यात, एकट्या राहत्यात. चपला जिन्यात काढल्या की मला बोलायच्या, म्हनून मी त्यांना भेत हुते. त्यांनी आधी माझा हात धरला आन म्हनल्या, ओरडू नकोस, तू ओरडलीस की ती पन रडती. मग घरात गेल्या आन भिंतीवरचं कॅलेंडर घिऊन आल्या. दाराखाली फट हाय ना, तिच्यातून एक एक पान फाडून आत सरकवायला लागल्या. सृष्टीला कागद म्हनजे काय, तुला म्हाईत हाय. ती रडायची थांबली आन दारापाशी येऊन पानं वढत बसली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. दारापाशी बसली म्हनून गॅसकडं गेली न्हाई. ऑगस्टापातूर आलो तवा दूध उतू जाऊन गॅस विझला आन वास सुटला. काकूंनी वरून खाली हाक मारली ती अशी, की तोफ परवडली.

कानिफकाका तवा दाढी करत हुते. अर्ध्या तोंडाला साबन, तसेच भांड्याच्या टेम्पोवरची लोखंडी शिडी लावून आमच्या गॅलरीवर चढले. कठड्यावर पोट अडकलं. खाली घंटागाडीवाल्या बाया शिडी धरून उभ्या, गल्लीतली मानसं काका आत व्हा, काका श्वास सोडा म्हनून सांगायला लागली. मी दाराशी रडत हुते आन मला हसू यायला लागलं. त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, मग दार. सृष्टी नोव्हेंबर तोंडात घालून बसली हुती.

आता काकूंकडं कॅलेंडर न्हाई. मी नवं आनून देते म्हनलं तर नको म्हनल्या. संकष्टी कधी, पौर्णिमा कधी, हे रोज मला विचारायला येत्यात आन घंटाभर बसत्यात. चपलांचं अजून बी बोलत्यात. आमची एक चावी त्यांच्याकडं असती. त्यांची माझ्याकडं, कानिफकाकांची बी माझ्याकडं. वरच्या मजल्यावरच्या बाईनं काल स्वतः येऊन तिची दिली, म्हनली तू घरी असतीस, तुझ्यापाशी बरी. आई, मला चावी आत राहती हे बी म्हाईत नव्हतं, आन आता सगळ्या जिन्याच्या चाव्या माझ्या खिळ्याला हायेत.

पानी येतं त्या दिशी सगळ्याजनी बादल्या घिऊन जिन्यात असतो, तवा समदी बातमी कळती. परवा संध्याकाळी काकूंनी मला प्रोफेसर कॉलनी चौकात भेळ खायला नेलं. चालत गेलो, चालत आलो. भाजीवाली मला सृष्टीची आई म्हनून हाक मारती. हे शहर तिसगावासारखं न्हाई की सगळे वळखत्यात, पन पुन्यासारखं बी न्हाई की कोनीच वळखत न्हाई.

ह्यांना रविवारी सांगितलं. मला वाटलं वरडतील. त्यांनी सृष्टीला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हनले, कंपनीत पहिला महिनाभर मला त्या पत्रा दाबायच्या प्रेस मशिनीचं लई भ्या वाटायचं, तुला सांगितलं न्हाई. मी म्हनलं, मग आपन दोघं बी एका घरात एकटेच भेत हुतो व्हय. सासूबाईंचा फोन आला तवा ह्यांनीच त्यांना सांगितलं की रेश्माला नगर मानवलंय.

आई, मला तिसगावला यायचं न्हाई. म्हंजे यायचंय, पाडव्याला चार दिस, ती पिल्लं बघायला. टेम्पोत सामान भरून न्हाई.

आता खरी अडचन ऐक. मी दादाला सोमवारी फोन केला की येऊ नको, माझं बरं हाय. तो म्हनला, हां, कळलं, शेजारी बसलेत ना. मी म्हनलं कोनी न्हाई बसलेलं. तो म्हनला, तू घाबरू नको, मी येतोच. काल परत केला, हसून बोलले. तर म्हनतो, तुझं हसू मला कळतं. मी जेवढं बरं हाय म्हनते तेवढा तो जास्त भितो. ह्यांनी फोन घेतला तर त्यांना म्हनला की आधी माझ्या बहिनीला रविवारी समोर उभी करा. आता संगं दोन मानसं आनतोय. तसाच दारात येऊन उभा राहिला, तर ह्यांचं मन मोडंल, आन सासूबाई जन्मभर म्हनतील की मी म्हनलं नव्हतं का. त्याला मीच शिकवलं हुतं की लिव्हलेलं तेवढं खरं. पत्राचा फोटो पाठवते म्हनलं तर म्हनला, भाऊजींनी समोर बसून लिवून घेतलं असंल.

माझं कायच चालंना. तुझं चालंल. कानिफकाका समोर उभे असतील, त्यांनाच फोनवर दे, त्यांनी सगळं बघितलंय.

मायेत अंतर पडू देऊ नको.
तुझी रेश्मा

ता. क. सुकन्याताई, तुमी असा न्हाईतर दुसरं कोनी, जे कोनी हे वाचून दाखवत असंल त्यांनी आईला घंटागाडीचं परत परत सांगत बसू नका. आधी दादाला फोन लावा.