बुधीच्या नावावर अडलेला प्रोग्राम

सोमवार, संध्याकाळ

सुतक फिटलं नसताना आज गिरणीत गेले. भाताच्या पोत्यांच्या चिठ्ठ्या छापणारा ह्यांचा प्रोग्राम बंद पडला होता. दीर म्हणाले, "वहिनी, दादा गेला. आता त्याचं कोणाला कळायचं नाय. वाशिंदचा माणूस नवीन प्रोग्राम टाकून देईल." मी खुर्ची ओढली. कॉलेजात मी हेच शिकले होते, ते कोणाच्या लक्षात आहे?

लाल अक्षरांत एकच ओळ होती: शोध सुरू करायची जागा मजकुराबाहेर आहे. ह्यांनी पहिली दहा अक्षरं नावाची धरून गाव त्यापुढे शोधायला लावलं होतं. सिद्धगडाकडून भात घेऊन आलेल्या बुधीने नुसतं नाव सांगितलं, गाव नाही. पाड्यावर ती एकटीच बुधी, मग आणखी काय सांगणार? बुधी. एवढ्या नावात दहा अक्षरांपुढची जागा येणार कुठून?

गाव शोधण्याआधी मजकुराची लांबी तपासायची ओळ घातली. बुधीची चिठ्ठी निघाली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "सुतक तरी फिटू द्यायचं गो!" तोवर ह्यांचं काम पुसलं गेलं असतं, त्याचं काय?

दिरांना सांगितलं, "प्रोग्राम राहणार. उद्यापासून गिरणीत मी बसणार."

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

"म्हणू देत. चिठ्ठी घ्यायला माझ्याकडेच येतील."