यानात शिरलेल्या विहीणबाई

४ मार्च
आधी आल्या विहीणबाई, मग त्यांची बॅग, मग दुसरी बॅग. सूनबाईच्या आई म्हटल्यावर उतरायला माझीच खोली. म्हणाल्या, चारच दिवस. दुसऱ्या बॅगेत लोकरीचे कपडे आहेत आणि उन्हाळा तोंडावर आलाय.

५ मार्च
नात सिनेमाच्या कॉलेजात आहे. परीक्षेसाठी तिने एक भयंकर पिक्चर लावला. अंतराळात यान, त्यात एक बुळबुळीत प्राणी शिरतो आणि एकेकाला गिळतो. मी दारात उभं राहून पाहिला, गिळायचं तेवढं सोडून. विचारलं, हा कसला गं अभ्यास? तर म्हणे, आजी, दिसतं ते नसतंच, प्रत्येक पात्राचा आत वेगळा अर्थ असतो.

मला जेवतानाच उलगडला. यान म्हणजे आमचं घर. सगळं एकटीने सांभाळणारी कॅप्टन म्हणजे मी. यंत्रमानव म्हणजे माझा मुलगा, दोन्हीकडे मान हलवतो आणि शेवटी मान निखळते. आणि कुणी न बोलावता शिरलेला प्राणी... नाव कशाला लिहू, शेजारच्या खाटेवर घोरतायत.

६ मार्च
ठरलं. भांडायचं नाही, टोमणा मारायचा नाही. विहीणबाईंना पिक्चर दाखवायचा. हुशार बाई आहेत, इशारा घेतील, खोली मोकळी होईल. मी अजिबात घाबरणार नाही.

७ मार्च, दुपारी
प्राणी निघाला आणि नेमकं माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. म्हणून विहीणबाईंच्या शालीत तोंड घातलं. ते तासभर निघेना. कोण गेलं, कोण उरलं, त्याच कानात सांगत होत्या, शालीतून निम्मंच कळलं.

संपल्यावर मुद्दाम सगळ्यांदेखत विचारलं, प्राणी कोणासारखा वाटला हो? म्हणाल्या, राग नाही ना यायचा? बंद दार त्याला खपत नाही, प्रत्येक खोलीत डोकावतो, दुसऱ्याची बॅग उघडून बघतो. सूनबाईला हसता हसता ठसका लागला. नात म्हणाली, हे मी पेपरात लिहिणार. मुलाने मान हलवली.

एकालाही पिक्चर कळला नाही.

८ मार्च
विहीणबाई गेल्या. बघा, इशारा लागला. निघताना गळ्यात पडल्या. म्हणाल्या, इतकी मजा कितीतरी दिवसांत आली नव्हती, याचे पुढचे दोन भाग आहेत म्हणे, माझ्या बहिणींनाही घेऊन येते.

नातीला विचारलं, पुढच्या भागात कॅप्टन काय करते? म्हणाली, अगं, तिला तर सगळ्यांत आधी गिळलं, तू शालीत होतीस.

गुरुवारी येणार आहेत. तिघी.